डावं टोक

आमच्या गल्लीत खांद्यावर टॉवेल असणं
म्हणजे पायात चप्पल असण्यासारखं.
साखर पेठेत कुणी विचारत नाही.
म्हणून मी वाचलो.
गळ्यामागून घेऊन दोन्ही टोकं पुढे सोडायची,
डावं टोक जरा लांब,
कारण डावी बाजू जास्त होती.

मे महिन्यात शेडमध्ये सगळे उघडे.
घामावर सुताचं तूस चिकटून
प्रत्येकाच्या छातीवर पांढरी लव.
मी शर्टात, आत दोन बनियन,
एक नंबर लहान.
मुकादम इरय्या ओरडायचा,
अंबादासला थंडी वाजते बे, पंखा बंद करा!
सगळे हसायचे. मीही हसायचो,
खांदे पुढे घेऊन.

शाळेत मला वहिनी म्हणायचे.
त्यातलाच एक परवा दुकानाच्या उद्घाटनाची पत्रिका घेऊन आला.
फार प्रेमानं बोलला, चहा प्याला.
त्याला आठवत नाही.
तेव्हा सगळे विहिरीत उड्या मारायचे
आणि मी काठावर त्यांचे कपडे राखायचो.
कितीतरी वर्षं मला वाटायचं
मला पाण्याची भीती आहे.

नागमणीनं कधी विचारलं नाही.
दिवसाला हजार विड्या वळणारी बाई,
पानातली शीर बोटानं ओळखते,
तिला अंधारात काय कळलं नसेल?
एका रात्री भिशीचे पैसे
सुपातल्या तंबाखूशेजारी ठेवले.
जाऊन या, म्हणाली,
आणि पुढची विडी घेतली.

डॉक्टरनं पेनानं छातीवर गोल काढले,
कटिंगमास्तर कापडावर खडूनं काढतो तसे.
नंतर एक बाटली मेहुण्याच्या हातात,
लॅबमध्ये पोचवा.
श्रीनिवास ती हँडलला पिशवीत अडकवून
नव्या पेठेच्या गर्दीतून गेला,
वाटेत शेंगाचटणी घ्यायला थांबला.
चटणीही त्याच पिशवीत.
रात्री त्यानं हे सांगितलं
आणि मी इतका हसलो की टाके दुखले.

रिपोर्ट आला त्या दिवशी नळाला पाणी होतं,
पाच दिवसांनी आलेलं.
नागमणी घागर तशीच वाहती ठेवून आली.
वाचा.
घातक असे काही आढळले नाही.
परत वाचा.
घातक असे काही आढळले नाही.
चौदाव्या वर्षापासून
एकोणचाळिसाव्यापर्यंत.
बाहेर घागर भरून वाहत होती,
कुणीच उठलं नाही.

सहा आठवडे घट्ट पट्टा.
लोकांना त्याचा त्रास होतो म्हणे.
मला काय, जुनी सवय.

आता दोन बारीक रेषा आहेत,
तुटलेला धागा गाठ मारून पुढे नेला
की कापडात राहते तशी खूण.
उजवीकडे रुपयाएवढी जागा अजून बधिर,
अंगावर तांब्या ओतला
तर तेवढ्या जागेला कळत नाही.
शर्ट सरळ पडतो.
पाठीला मात्र कुणी सांगितलेलं नाही,
ती अजून वाकून चालते, काहीतरी लपवत.
गाडीवर समोरून वारा आला
की दोन बोटं आपोआप शर्ट ओढतात,
मग मीच त्यांना म्हणतो, अरे, राहू दे.

काल शेडमध्ये शर्ट काढला.
आधी वरचं बटण, मग उगाच पाणी पिऊन आलो,
मग बाकीची.
इरय्यानं बघितलं.
म्हणाला, सात नंबरची कांडी संपली बे,
डोळे कुठायत?
एवढंच.
मला राग आला. खरंच आला.
पंचवीस उन्हाळे, आणि हा कांडी म्हणतो.
मी कांडी बदलली.

सुट्टी झाल्यावर अंगावरचं तूस झटकलं.
पहिल्यांदाच होतं, माझ्या अंगावर.
टॉवेलनं पुसलं,
टॉवेल खांद्यावर टाकला,
आणि अशोक चौकात पोचेपर्यंत
लक्षातच आलं नाही
की डावं टोक लांब आहे.